नव्या नर्स वर्षभरात नोकरी सोडतात, त्याचा रुग्णसुरक्षेशी संबंध असतो का?

तुमच्याबरोबर लागलेल्या पाच जणींपैकी तिघी वर्ष पुरं व्हायच्या आत गेल्या आणि सगळे म्हणतात 'नव्या पोरींना ताण झेपत नाही', असं तुम्ही लिहिलंय. ताण असतोच. पण मी माझी पहिली नोकरी चार महिन्यांत सोडली, ती ताणापायी नाही.

नाइट ड्यूटी होती. इंजेक्शन विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल घ्यायची म्हणून ट्रेमध्ये हात घातला. फोडण्याआधी सवयीने लेबल वाचलं, तर पोटॅशियम क्लोराइड! तीच उंची, तसंच पारदर्शक प्लास्टिक. हे औषध सलाइनमध्ये पातळ करून सावकाश द्यायचं असतं. तसंच शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. सकाळी हँडओव्हरला मी हे सांगितलं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "दिलं नाहीस ना? मग बोभाटा कशाला? मेमो हवाय का?" अँप्युल त्याच ट्रेमध्ये राहिल्या. पुढे दर रात्री तो ट्रे ओढताना पोटात गोळा यायचा. राजीनाम्यात मी 'घरगुती कारण' लिहिलं. तुमच्या तिघींनीही असंच काहीतरी लिहिलं असेल.

दुसऱ्या ठिकाणी तर माझ्या हातून खरीच चूक झाली. सात नंबरची गोळी सतरा नंबरला दिली. रडतच सांगायला गेले. तिथल्या सिस्टरांनी आधी विचारलं, "पेशंट कसा आहे?" मग डॉक्टरांना कळवलं, पेशंटला स्वतः जाऊन सांगितलं आणि त्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ओळख पटवलीस कशी?" बेड नंबरवरून. आठवड्याभरात औषधांच्या ट्रॉलीवरून बेड नंबरच्या चिठ्ठ्या गेल्या, मनगटावरची पट्टी वाचून नाव विचारायचं ठरलं. बोलणी मीही खाल्ली, नाही असं नाही. पण त्या वॉर्डात मी नऊ वर्षं काढली.

वॉर्डात चुकांबद्दल मोकळेपणी बोलता येतं का, हे वातावरण मोजायचीही सोय आहे. 'सेफ्टी ॲटिट्यूड्स क्वेश्चनेअर' नावाची प्रश्नावली वैमानिकांसाठीच्या प्रश्नावलीवरून बेतलेली आहे. तिच्यात सहा गोष्टी तपासतात: संघभावना, सुरक्षेचं वातावरण, नोकरीतलं समाधान, ताणाची जाणीव, व्यवस्थापनाबद्दलचं मत आणि कामाची परिस्थिती. यात एक गोम आहे. समाधान हा तिचाच एक भाग असल्यामुळे 'गुण चांगले तिथे माणसं टिकतात' यातलं थोडं तरी आपलंच शेपूट आपण पकडण्यासारखं होतं. म्हणून एकूण आकड्यापेक्षा 'सुरक्षेचं वातावरण' हा भाग वेगळा काढून वाचावा. आणि ज्या वॉर्डात चुकांची नोंद जास्त, तो वॉर्ड वाईटच असं धरू नका. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना उलटंच दिसलं होतं: चांगल्या चाललेल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे लोक बोलत होते.

मात्र 'वातावरण, वातावरण' करत माणसांची कमतरता झाकणाऱ्यांचा मला राग येतो. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी, नर्स पार थकून जाण्याची 23 टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज असण्याची 15 टक्क्यांनी जास्त आढळली. एक सोडून गेली की तिचे रुग्ण उरलेल्यांवर, मग पुढची जाते. तिथे नुसत्या गोड बोलण्याने काही होत नाही.

तुम्ही दुसरीकडे मुलाखत देणार असाल तर एवढंच विचारा: तुमच्याकडे शेवटची थोडक्यात टळलेली चूक कोणती, आणि त्यानंतर काय बदललं? मी एकदा विचारलं होतं. समोरच्या मॅडम हसून म्हणाल्या, "आमच्याकडे चुका होतच नाहीत." पगार बरा होता, पण मी गेले नाही.