कर्ज देणाऱ्या बँकेला शांततेचं नोबेल का?

प्रश्न : ताई, २००६ चं शांततेचं नोबेल बांगलादेशच्या मोहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला मिळालं असं वाचलं. गरिबांना कर्ज दिलं हे चांगलंच केलं, पण त्याचा शांततेशी काय संबंध? युद्धं तर पैसेवाले देश करतात, गरीब माणूस कुठे लढायला जातो? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. महायुद्धं पेटवणारे देश काही उपाशी नव्हते हे खरंच, आणि तिकडे झांबिया, मलावी बघा, गरिबी भरपूर पण स्वातंत्र्यानंतर मोठं यादवी युद्ध म्हणून झालं नाही. त्यामुळे गरीब म्हणजे भांडखोर असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो.

पण देशाच्या आतली युद्धं बघा, ती बहुतेक करून गरीब देशांतच होतात. शेजारचं नेपाळ घ्या. १९९६ ला माओवाद्यांचं बंड सुरू झालं ते रोल्पा-रुकुमसारख्या डोंगरी जिल्ह्यांतून, जिथे धड रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, पोरं कामाला भारतात यायची. खाली तराईत, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्यात, कमैया नावाची वेठबिगारी होती, बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर, ती सरकारनं बंद केली थेट २००० साली! अशा पोराला कुणी म्हटलं हे सगळं उलथून टाकू, चल, तर तो कशासाठी थांबेल? दहा वर्षांत तेरा हजारांवर माणसं मेली. नुसत्या गरिबीनं हे होत नाही, गरिबी आणि वर आपली दाद कुणीच घेत नाही, हे दोन्ही साचत गेलं की भडका उडतो.

आता युनूस. १९७६ च्या सुमारास ते चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे, जवळच्या जोब्रा गावात एक बाई बांबूची स्टुलं विणायची. बांबूला पाच टाका (टाका म्हणजे तिकडचा रुपया) लागायचे, तेवढेही जवळ नाहीत म्हणून व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि स्टूल त्यालाच, तो म्हणेल त्या किमतीला द्यायचं, दिवसभर राबून हातात पन्नास पैसे. अशा अडकलेल्यांची त्यांनी यादी करवली तर ४२ जण निघाले आणि सगळ्यांचं मिळून देणं किती, तर ८५६ टाका. ते त्यांनी खिशातून दिले, त्यातूनच पुढे १९८३ ला बँक झाली, कर्जदार जवळजवळ सगळ्या बायका. मोठ्या लोकसमूहांना गरिबीतून वर यायची वाट सापडल्याशिवाय टिकाऊ शांतता येत नाही, असंच नोबेल समितीनं म्हटलं होतं आणि मला ते पटतं. अर्थात छोटी कर्जं म्हणजे रामबाण उपाय नाही, २०१० ला आंध्रात वसुलीच्या जाचापायी आत्महत्या झाल्या आणि सरकारला कायदा आणावा लागला, तेही विसरू नका.

आणि गरीब लढायला गेला नाही तरी युद्ध त्याच्या चुलीपर्यंत येतंच. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपल्याकडे सूर्यफूल तेल कडाडलं, आपण सोयाबीनवर, शेंगदाण्यावर भागवलं. येमेनला तीही सोय नाही, तिथला बहुतेक गहू जहाजानं बाहेरून येतो आणि होदेदा बंदरासाठीच लढाई झाली, त्यात लाखो लेकरं कुपोषित झाली. २०२० चं शांततेचं नोबेल संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळालं ते यासाठीच, लोकांना उपाशी ठेवणं हेही लढाईचं हत्यार झालंय म्हणून.