सीपीयूच्या चार कोअरवर तीनशे प्रोसेस (चालू प्रोग्राम) एकाच वेळी कशा चालतात?

चालत नाहीत. ऐरोलीच्या लॅबमधल्या लिनक्स मशीनवर 'टॉप' (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडून 'एस' हा अवस्थेचा कॉलम बघा. बहुतेक ओळींत 'एस' किंवा 'आय' दिसेल, म्हणजे प्रोसेस निवांत पडलीय. कीबोर्ड, नाहीतर नेटवर्कची वाट बघतेय. तिला सीपीयू नकोच आहे. खरी मारामारी फक्त 'आर'वाल्यांची, म्हणजे चालू असलेल्या किंवा चालायला तयार असलेल्यांची.

टायमरचा इंटरप्ट (सीपीयूला मध्येच थांबवणारा इशारा) आला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हिशोब बघतं: कोणाच्या वाट्याला कमी वेळ आलाय? चालू प्रोसेसची रजिस्टर्स (सीपीयूमधल्या तिच्या चालू कामाच्या नोंदी) जपून ठेवायची, दुसरीची चढवायची. हा कॉन्टेक्स्ट स्विच फुकट पडत नाही, कॅशही (सीपीयूजवळची झटपट मेमरी) बिघडते. २००७ पासून हा हिशोब सीएफएस नावाचा शेड्युलर (पाळी ठरवणारा कर्नलचा भाग) ठेवायचा, २०२३ च्या ६.६ कर्नलपासून ईईव्हीडीएफ हा नवा शेड्युलर ठेवतो.

मोठं कंपाइल चालवताना 'नाइस -एन १९' लावा, म्हणजे त्याला सगळ्यात कमी प्राधान्य मिळेल आणि ब्राउझर रखडणार नाही. वजा आकड्यांसाठी, म्हणजे जास्त प्राधान्यासाठी, मात्र सहसा रूट (प्रशासकाचा अधिकार) लागतो, लॅबवाले तो देणार नाहीत.