'शांतिसेना' की 'शांतिरक्षक'?

प्रश्न असा आहे: १९८७ साली श्रीलंकेत गेली ती भारताची 'शांतिसेना'. आज दक्षिण सुदानमध्ये भारतीय जवान आहेत, तीही बातम्यांत 'शांतिसेना'च. दोन्ही एकच का? आणि 'शांतीसेना', 'शांतता सेना', 'शांतिरक्षक' यांतले बरोबर काय?

लेखनाचे आधी उरकू. सुटा शब्द 'शांती', पण समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व परततो: शांतिदूत, शांतिसेना. म्हणजे 'शांतीसेना' चूक. 'शांतता सेना' व्याकरणात अडत नाही. 'शांतता कमिटी' आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे. पण सेनेला जोडून तो शब्द रुळला नाही.

खरी भानगड अर्थाची. विनोबांनी १९५७ मध्ये उभी केलेली शांतिसेना निःशस्त्र स्वयंसेवकांची होती. तीस वर्षांनी तेच नाव बंदुकीसह जाफन्यात गेलेल्या फौजेला मिळाले. आणि 'पीसकीपिंग'मधले 'राखणे' मराठीत येता येता गळून पडले. राखायला आधी काहीतरी असावे लागते. पीक नसेल तर राखणदार कशाला?

संयुक्त राष्ट्रांच्या व्यवहारात या राखणदारीच्या तीन अटी आहेत: भांडणाऱ्या पक्षांची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचे रक्षण एवढ्यापुरताच बळाचा वापर. श्रीलंकेतली फौज संयुक्त राष्ट्रांची नव्हतीच. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानुसार ती गेली आणि ऑक्टोबरात तमिळ वाघांशी थेट लढू लागली. सुमारे १,२०० जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, कारण तोवर कोलंबोलाही ती नकोशी झाली होती. नावात राखण होती, काम मात्र शांतता लादण्याचे. इंग्रजीत त्याला 'पीस एन्फोर्समेंट' असे वेगळे नाव आहे. मराठीत 'सक्तीची शांतता' म्हणावे. वाटाघाटींतून भांडण मिटवणे हे 'पीसमेकिंग', आणि त्यासाठी आपला 'समेट' इतका नेमका शब्द असताना 'शांतिनिर्माण' कशाला घडवायचे?

म्हणून माझे मत: संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीच्या सैनिकाला 'शांतिरक्षक' म्हणा, त्यांच्या फौजेला 'शांतिरक्षक दल'. श्रीलंकेपुरते 'शांतिसेना' हे रूढ नाव राहू द्या. आता ते इतिहासातले विशेषनाम झाले आहे.

आता 'मॅन्डेट'. बातम्यांत याचे सर्रास 'जनादेश' होते आणि वाचकाला मतपेटी दिसते. इथे 'जन' कुठेच नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, त्यात काम आणि मुदत ठरते, बहुधा वर्षाची. वाहनताफ्याला सोबत करायची की नागरिकांवर हल्ला झाला तर गोळीही चालवायची, हे त्यात असते. 'कार्यादेश' म्हणा.

वरच्या तीन अटींतला 'संमती' हा शब्द सर्वांत नाजूक. मे १९६७ मध्ये इजिप्तने ती काढून घेतली आणि गाझा-सिनाईतले संयुक्त राष्ट्रांचे दल गुंडाळावे लागले. पुरते निघण्याआधीच ५ जूनला अरब-इस्रायल युद्ध पेटले. त्यात भारतीय शांतिरक्षकही मेले. २००० साली सिएरा लिओनमध्ये सरकार आणि बंडखोर यांच्यात शांतता करार झालेला होता, तरी बंडखोरांनी कैलाहुन येथे दोनशेहून अधिक शांतिरक्षकांना सुमारे अडीच महिने वेढून ठेवले. त्यांत बहुतेक भारतीय होते. जुलैत 'ऑपरेशन खुकरी'ने, हेलिकॉप्टरे आणि पायदळ दोन्ही वापरून, त्यांना सोडवावे लागले. कागदावरची संमती आणि जंगलातली संमती एक नसते.

भाषांतरकारांना एक सूचना. 'वेट लीज' दिसले की 'ओला भाडेपट्टा' लिहू नका. तुकडी पाठवणारा देश आपली वाहने, जनित्रे घेऊन जातो. सुटे भाग आणि दुरुस्तीही त्याच्याकडेच असेल तर 'वेट'. देखभाल संयुक्त राष्ट्रांकडे असेल तर 'ड्राय'. 'देखभालीसह' आणि 'देखभालीविना' लिहिले की झाले. फरक पैशांचा आहे: तपासणीत गाडी बंद आढळली तर संयुक्त राष्ट्रांकडून मिळणारे तिचे भाडे कापले जाते. आणि गाड्या बंद पडायला दक्षिण सुदानसारखी जागा नाही. तिथल्या जोंगलेई भागात आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी माती आहे. पाऊस लागला की चाक रुतते, चिखल टायरच्या खाचांत भरून तो गुळगुळीत होतो, आणि कच्चा रस्ता महिनोन्‌महिने बंद. मग तळापर्यंत शिधा आणि डिझेल पोचवायला हेलिकॉप्टर, नाहीतर नाईलवरचे तराफे.

'निरीक्षक' आणि 'तुकडी' यांचीही गल्लत नको. लष्करी निरीक्षक निःशस्त्र असतात, तुकडीतले जवान सशस्त्र. 'निरीक्षकांवर हल्ला' आणि 'तुकडीवर हल्ला' या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

जाता जाता 'युद्धबंदी'. मराठीत ती म्हणजे लढाई थांबणे, हिंदीत मात्र युद्धात पकडलेला कैदी. कोरियात २७ जुलै १९५३ ला पहिल्या अर्थाची झाली आणि मायदेशी परतायला नकार देणाऱ्या दुसऱ्या अर्थाच्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, मराठी माणूस. त्या प्रसंगावर मराठीत लिहायचे तर कैद्यांना 'युद्धकैदी'च म्हणावे लागते, नाहीतर थोरातांनी युद्धबंदी सांभाळली की युद्धबंदी सांभाळले, हे क्रियापदाच्या शेवटावरून ओळखत बसावे लागेल.