वाचकांचे प्रश्न : कार्यालयातला जेन्किन्स सर्व्हर

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयात ८ जीबी मेमरीच्या एका लिनक्स संगणकावर आम्ही जेन्किन्स (कोडपासून प्रोग्राम आपोआप तयार करून तपासणारे सॉफ्टवेअर) बसवले आहे. दोन बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची कामे) एकाच वेळी सुरू झाले की कधी कधी जेन्किन्सच बंद पडते, तर कधी बिल्ड नुसते रांगेत थांबून राहतात. कोड बाहेरच्या गिट सेवेवर (कोड आणि त्यातील बदल साठवणाऱ्या सेवेवर) असल्यामुळे तिचा संदेश आत यावा म्हणून राउटरवर ८०८० हा पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचा क्रमांकित मार्ग) इंटरनेटसाठी उघडला आहे. मांडणीत काय बदलावे?

उत्तर : सर्वप्रथम तो पोर्ट आजच बंद करावा. जानेवारी २०२४ मध्ये जेन्किन्सच्या कमांड-लाइन सुविधेत अशी त्रुटी उघड झाली होती की लॉगिन न करताही बाहेरच्या व्यक्तीला सर्व्हरवरील फाइलींच्या सुरुवातीच्या काही ओळी वाचता येत होत्या. ती २.४४२ आणि दीर्घकालीन शाखेतील २.४२६.३ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. आपली आवृत्ती त्याहून जुनी असेल तर अद्ययावत करण्यात दिरंगाई नको. कोडमधील बदल कळण्यासाठी जेन्किन्सनेच दर ५ मिनिटांनी गिटकडे विचारणा करावी अशी व्यवस्था ठेवता येते. छोट्या गटाला तेवढा विलंब सहज चालतो.

आता मूळ दुखण्याकडे वळू. नव्याने बसवलेल्या जेन्किन्समध्ये मुख्य सर्व्हरवरच दोन एक्झिक्युटर (एका वेळी एकेक बिल्ड चालवणाऱ्या जागा) दिलेले असतात, त्यामुळे दोन बिल्ड आणि जेन्किन्सची स्वतःची जावा प्रक्रिया एकाच मेमरीवर तुटून पडतात. मेमरी संपली की लिनक्स एखादी मोठी प्रक्रिया बंद करते आणि ती बहुधा जेन्किन्सची असते. परंतु मला मेमरीपेक्षा सुरक्षिततेची काळजी अधिक वाटते. मुख्य सर्व्हरवर चालणारी बिल्डची स्क्रिप्ट जेन्किन्सच्याच वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते, म्हणजे साठवलेले पासवर्ड ज्या किल्लीने उलगडतात ती किल्लीही तिला वाचता येते. एखाद्या बाहेरच्या पॅकेजमध्ये खोट निघाली, तर सगळ्या किल्ल्या एकदम हातच्या जातील.

म्हणून बिल्डसाठी वेगळा संगणक, म्हणजे एजंट, जोडावा. त्यावर स्वतंत्र वापरकर्ता तयार करून सर्व्हरच्या आवृत्तीला चालणारे जावा बसवावे, एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) किल्लीने तो जोडावा, त्याला लेबल (ओळखीचे नाव) द्यावे आणि पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या जिथे लिहिल्या जातात तिथे, तेच लेबल लिहावे. एखादा बिल्ड तेथे नीट पूर्ण झाल्याची खात्री झाली की मुख्य सर्व्हरवरील एक्झिक्युटरची संख्या शून्य करावी. दुसरा संगणक मिळत नसेल, तर निदान वेगळे आभासी यंत्र वापरावे. कंटेनर (त्याच संगणकावर प्रोग्रामसाठी वेगळा केलेला कप्पा) वापरायचा विचार असेल, तर त्याला यजमान संगणकाचे डॉकर सॉकेट (कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला आज्ञा देण्याचे दार) देऊ नये, कारण ते देणे म्हणजे त्या संगणकाचा रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकारच देणे होय.

बिल्ड रांगेत अडकतात त्यामागे डिस्क भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मोकळी जागा साधारण १ जीबीच्या खाली गेली की जेन्किन्स तो संगणक आपणहून कामातून काढते. प्रत्येक जॉबमध्ये (जेन्किन्सला नेमून दिलेल्या कामात) जुने बिल्ड काढून टाकण्याची मर्यादा घालावी. शेवटचे २० ठेवले तरी सहसा पुरतात.

जेन्किन्सच्या फोल्डरची प्रत रोज घ्यावी, मात्र त्यातील मास्टर-की फाइल (पासवर्ड उलगडण्याची किल्ली) उरलेल्या प्रतीपासून वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावी; दोन्ही एकाच ठिकाणी असल्या तर प्रत चोरणाऱ्याला पासवर्डही मिळतील, आणि ती फाइल हरवली तर साठवलेले पासवर्ड आपल्यालाही परत वाचता येणार नाहीत.