नव्या अल्ट्रोझबद्दल मालकांची मते इतकी परस्परविरोधी का आहेत?

मे 2025 मध्ये आलेल्या टाटा अल्ट्रोझच्या नव्या रूपाबद्दल आपल्या ओळखीचा एक मालक भरभरून बोलतो आणि दुसरा पस्तावल्याचे सांगतो, तेव्हा साताऱ्याहून दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्या माणसाने कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे 2021 सालची डिझेल अल्ट्रोझ आहे आणि धाकट्या भावाकडे पेट्रोल. दोन्ही गाड्या मी नेहमी चालवतो, आणि इंजिनांचे हे दोन्ही पर्याय नव्या रूपातही कायम आहेत. माझ्या मते आपले दोन्ही मालक खरेच सांगत असावेत. मात्र त्यांचे इंजिन कोणते आणि आधीची गाडी कोणती, हे आपण विचारलेले दिसत नाही.

पेट्रोलचे इंजिन 1,199 सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे आणि त्याला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा भाग) नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात कंप मुळातच थोडा अधिक असतो. जो मालक बलेनो किंवा आय20 विकून आला, त्याच्या जुन्या गाडीचे 1.2 लिटर इंजिन चार सिलिंडरचे होते, त्यामुळे एसी लावून सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगवर येणारी बारीक थरथर त्याच्या हाताला पहिल्याच दिवशी कळते. आधी तीन सिलिंडरची अल्टो चालवणाऱ्याला मात्र ती जाणवतही नाही. डिझेल चार सिलिंडरचे, 1,497 सीसीचे आहे. पेट्रोलच्या साधारण 113 न्यूटन मीटर टॉर्कसमोर (टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) त्याचा टॉर्क 200 आहे आणि तो 1,250 आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळू लागतो. पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर, चार माणसे आणि डिकीत सामान असताना, माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते, तर भावाच्या गाडीत ट्रकमागे वेग पडला की दुसरा गिअर टाकावाच लागतो. रोज फक्त शहरात फिरणाऱ्या भावाला हा फरक महत्त्वाचा वाटत नाही, आणि त्याच्यापुरते ते बरोबरच आहे.

दारांचेही तसेच आहे. ती जवळजवळ 90 अंशांत उघडतात. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती आधी सीटवर टेकते आणि मग दोन्ही पाय एकदम आत घेते, तेव्हा त्या मोकळ्या जागेचे मोल मला दर वेळी नव्याने कळते. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्या भावाला मात्र तेच दार हाताने धरून बेतानेच उघडावे लागते.

सुरक्षिततेबद्दल सर्वच मालक अभिमानाने बोलतात आणि तो अभिमान मला योग्य वाटतो, कारण जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक-चाचणीत या गाडीला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले होते. त्याच चाचणीत लहान मुलांच्या संरक्षणासाठी तीनच तारे होते, हे फारसे कोणी सांगत नाही. घरात लहान मूल असेल तर आयसोफिक्सवर (सीटमधल्या ठरावीक खटक्यांवर) घट्ट बसणारी चाइल्ड सीट गाडीबरोबरच घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

आपला प्रवास घाटाचा आहे, म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर मी डिझेलच सुचवेन. पेट्रोल घेणार असाल, तर शोरूमभोवतीच्या एका फेरीवर निर्णय घेऊ नका. घरची चार माणसे बसवून, एसी लावून एखादा खरा चढ चढून पाहा आणि सिग्नलला दोन मिनिटे स्टिअरिंगवर हात ठेवून थांबा.