ट्रेनमधली गार पाण्याची बाटली

प्रश्न (थोडक्यात): वय ३८. कांदिवली ते चर्चगेट रोजची नोकरी. डेंटिस्टची मला भयंकर भीती वाटते. आठवीत असताना दुखरी दाढ काढली, तेव्हा भूल लागलीच नव्हती. दोघांनी धरून ठेवलं आणि दाढ ओढली. आता ती खुर्ची नुसती बघितली तरी हातपाय गळतात. दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आले. दात आधीपासूनच सेन्सिटिव्ह आहेत, त्याची टूथपेस्ट वापरते. मिस्टर समजूतदार आहेत, कधी मागे लागत नाहीत. रात्री ठणका लागला की उठून गोळी देतात. हल्ली चहा निववूनच पिते. ट्रेनमध्ये गार पाण्याची बाटली जवळ ठेवते, डाव्या बाजूच्या खालच्या दाढेवर घोट धरला की बरं वाटतं. भीती घालवण्यासाठी ध्यान किंवा श्वासाचे व्यायाम सुचवाल का?

उत्तर:

श्वासाचे व्यायाम नंतर बघू. आधी त्या बाटलीचं बोलू.

सेन्सिटिव्ह दाताला गार पाणी सोसत नाही हो. हिरडी खाली सरकते किंवा इनॅमल झिजतं, आतलं डेंटिन उघडं पडतं. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि नळ्यांत द्रव. गार घोट लागला की तो द्रव हलतो, आतल्या नसेला कळतं आणि सणक जाते. घोट गिळला की काही सेकंदांत सगळं शांत. पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट या दुखण्यासाठी असते, तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.

तुमची दाढ नेमकी उलटी वागते आहे. गरमाने ठणकते, गाराने थांबते, रात्री उठवते. हे आतली नस सुजल्याचं लक्षण आहे. बोट सुजलं तर फुगायला जागा असते, दाताच्या टणक भिंतींच्या आत नसेला ती नसते. गरम लागलं की आतला दाब वाढतो. गाराने तो थोडा वेळ उतरतो, म्हणून तुम्हाला बाटली लागते. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. दाढ या टप्प्यावर आली की बहुतेक वेळा रूट कॅनल किंवा दाढ काढणं, एवढेच मार्ग उरतात. तिथे कुठलीही टूथपेस्ट पोहोचत नाही.

मिस्टरांचं कौतुक मी करणार नाही. रात्री दोनला उठून दिलेल्या गोळीने तुमची रात्र निघते आणि नस आणखी कुजते. त्यांना म्हणावं, गोळीचा हात आता थांबवा आणि उद्या अर्धी रजा टाका. मेडिकलवाल्याकडून ॲंटिबायोटिक तर आणूच नका, नसेच्या सुजेवर ते चालत नाही. आणि गोळी दाढेपाशी दाबून ठेवायचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका, हिरडी भाजते.

आता आठवीतल्या त्या दुपारबद्दल. तुम्ही भित्र्या नव्हतात. सुजलेल्या दाताभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो, तिथे भुलेचं औषध नसेत नीट शिरत नाही. भूल चढली नव्हती, तुम्ही ओरडत होता आणि तरी कोणी थांबलं नाही. लहान मुलीशी असं वागायला नको होतं. पण आज तुम्ही जेवढे दिवस काढाल, तेवढी ही दाढ बधिर करणं अवघड होत जाईल. खालच्या सुजलेल्या दाढेला तर एका इंजेक्शनने पुरेशी भूल न येणं नेहमीचं आहे. ज्याची भीती वाटते, तेच तुम्ही बाटलीने पोसताय.

म्हणून उद्या सकाळी फोन करा. भीतीची प्रस्तावना नको, एवढंच सांगा: "खालच्या डाव्या दाढेत गरमाने ठणका, गार पाण्याने थांबतो, रात्री झोप मोडते. पूर्वी भूल लागली नव्हती." हे ऐकून कुठलाही जाणता डेंटिस्ट तुम्हाला पुढच्या महिन्याची तारीख देणार नाही. कोणी ओळखीचं नसेल किंवा खर्चाची काळजी असेल, तर मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय तुमच्याच लाइनवर आहे. सकाळी ओपीडीत केसपेपर काढा.

नाश्ता करून जा, उपाशीपोटी चक्कर येते. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधीच सांगा. सुईआधी हिरडीला बधिर करणारी जेली लावून दोनेक मिनिटं थांबायला सांगा, आणि औषध सावकाश सोडायला. त्यात ॲड्रेनलिन असेल तर छाती थोडा वेळ धडधडू शकते. ती औषधाची धडधड असते, घाबरून उठू नका. मग खालचा ओठ डाव्या बाजूला हनुवटीच्या मध्यापर्यंत जड होईल. इथेच गफलत होते: ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली, असं नाही. ड्रिल लावण्याआधी दाढेवर गार स्प्रेचा बोळा लावून बघा, असं डॉक्टरांना सांगा. गार कळलं तर दाताच्या कडेला आणखी एक इंजेक्शन देता येतं. आणि आधीच ठरवून घ्या, डावा हात वर केला की काम थांबणार. दाब आणि थरथर जाणवेल, पण दुखलं तर हात वर करायचाच.

पहिल्या दिवशी दाढ उघडून सुजलेली नस काढली आणि तात्पुरतं सिमेंट भरलं, तरी ठणका उतरतो. त्या रात्री झोपाल. पुढच्या बैठकींत मुळांतले तीन-चार कॅनल साफ करून भरतात, मग कॅप. कॅपचं टाळू नका, रूट कॅनल केलेली दाढ कॅपशिवाय चावताना तुटू शकते.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

आणि असंही होऊ शकतं की फोन केल्यावर एक-दोन दिवसांत दाढ आपोआप गप्प बसेल. वाफाळता चहाही चालेल, घरात सगळे म्हणतील, बघ, बरं झालं ना. तेव्हा नस मेलेली असेल आणि पुढे मुळाशी पू धरेल. त्या दिवशीसुद्धा ठरल्या वेळेला जा.