ब्रिटनला परतताना आधी एवढे पाहा
ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून ब्रिटनमधल्या लीड्सला परतण्याचा आपला विचार मला मनापासून पटला. मात्र दोन्हीकडच्या पगारांची नुसते चलन बदलून तुलना करू नका, कारण बहुतेक नवखी मंडळी तिथेच चुकतात. ऑस्ट्रेलियात घरभाडे आठवड्याचे सांगतात, ब्रिटनमध्ये महिन्याचे. शिवाय तिकडे पालिकेचा कर घरमालक भरतो, तर इकडे कौन्सिल टॅक्स बहुधा भाडेकरूलाच भाड्याव्यतिरिक्त भरावा लागतो.

- स्थायिक होताच जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या स्थानिक डॉक्टरकडे, नाव नोंदवा. तिथे तपासणीचे शुल्क नसते.
- ऑस्ट्रेलियन परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते, त्यामुळे ब्रिटिश परवाना काढण्याची घाई नको.

डिसेंबरात लीड्सला चारच्या आत सूर्य मावळतो आणि पर्थच्या उन्हाला सरावलेल्या मुलांना ते फार जड जाते, म्हणून शक्यतो एप्रिल-मेमध्येच या. सुपरॅन्युएशनचे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या निवृत्ती निधीचे, सविस्तर नंतर बोलू.